बायनावाडीचा फैसला

दत्तराव जिंतूरच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत. खिडकीला जाळी होती आणि जाळीत तोंडाएवढे एक भोक. सोळा वर्षे त्या भोकातून त्यांना माणसांची नुसती तोंडे दिसली आणि गावांची नावे ऐकू आली. माणूस कोण, कशाला चालला, हे त्यांना ठाऊक नसे. पण कोणत्या गावाला लोक काय म्हणतात हे त्यांच्याइतके तालुक्यात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही त्यांना कोशात घेतले.

कोश म्हणजे वाचनालयाच्या माडीवर आम्ही सहा-सात जणांनी १९८३ साली सुरू केलेले एक खूळ. तालुक्यातले आणि आसपासचे प्रत्येक गाव, वाडी, ओढा, देऊळ, दर्गा, ज्वारीचे वाण, यांची एकेक नोंद करायची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डे केली होती. ती बुटांच्या खोक्यांत अक्षरांप्रमाणे उभी लावलेली असत. कोणीही यावे, नवे कार्ड लिहावे, दुसऱ्याचे दुरुस्त करावे, खाली सही-तारीख टाकावी. पगार नाही, मालक नाही. मी खोकी सांभाळत होतो, एवढेच.

मजकुरावरून फारशी भांडणे होत नसत. कार्डाच्या माथ्यावर कोणते नाव लिहायचे यावरून होत. ती वर्षेच तशी होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरे जळाली होती, माणसे गावे सोडून गेली होती, आणि तो प्रश्न अजून तसाच लोंबत होता. चारचौघांत नावाचा विषय निघाला की बोलणे मध्येच थांबे. म्हणून आम्ही, भिऊनच म्हणा, नियम केले. लोक जे नाव वापरतात ते माथ्यावर. वाद निघाला तर चिठ्ठी लिहून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. चार बाजार, म्हणजे चार आठवडे, ती तिथे राहणार; ज्याला बोलायचे त्याने आपली चिठ्ठी तिच्याखाली लावायची. चिठ्ठ्या मोजायच्या नाहीत, त्यांतली कारणे तोलायची. शेवटी एकाने फैसला लिहायचा. तो माणूस असा हवा की त्याने त्या कार्डावर कधी अक्षर लिहिलेले नाही आणि त्या गावाशी त्याचे नातेगोते नाही. तसे त्याने पहिल्याच ओळीत लिहून द्यायचे: ‘माझा या नोंदीशी संबंध नाही.’ पुढे संबंध निघाला तर फैसला रद्द.

दत्तराव फैसले फार चांगले लिहीत. एका चौकाच्या नावावरून दोन वकील महिनाभर भांडत होते. एकाच्या हातात नगरपालिकेचा ठराव होता. दत्तरावांनी चार ओळी लिहिल्या. ‘ठराव पाहिला. पण या नावाने चौक विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळे चिंचेचा चौक म्हणतात. चिंच पडून नऊ वर्षे झाली, तरी म्हणतात.’ हरलेला वकील हसला आणि त्यानेच सगळ्यांना चहा पाजला. ते वालूरचे, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे ते सांगत.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात मागतेवाडीचा वाद आला.

वालूरच्या बाजूला माळावर ती मेंढरे राखणाऱ्यांची वाडी. चाळीसेक घरे. कार्ड किशनरावांनी लिहिले होते. ते निवृत्त मास्तर, घरची जमीन, बोलायला मोकळे. माथ्यावर त्यांनी ‘मागतेवाडी’ असे घातले आणि खाली कारण दिले: बहात्तरच्या दुष्काळात इथल्या बाया भांडी घेऊन गावोगाव मागत फिरल्या, त्यावरून.

त्यावर भुजंग आला. वाडीतला पहिला शिकलेला पोरगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेला. त्याने चिठ्ठी लावली. वाडीचे नाव बायनावाडी. बायनाबाई नावाच्या विधवेने पाच मेंढरे घेऊन पहिल्यांदा तिथे काट्यांचे वाडगे घातले, तिचे नाव. वाडीत दुसरे नाव कोणी घेत नाही.

चौथ्या बाजारी आम्ही माडीवर बसलो. भुजंग चपला बाहेर काढून दाराजवळ टेकला होता.

“मास्तर, माझा राग नाही तुमच्यावर,” किशनराव म्हणाले. “मी काय ते नाव ठेवलं? लोक म्हणतात, मी लिहिलं. नियम काय आहे आपला?”

“लोक म्हंजी कोण, सर?” भुजंग म्हणाला. “वाडीतली दोनशे माणसं लोकात धरायची का न्हाई?”

“धरा की. दोनशे एकीकडं, सगळा मुलूख एकीकडं.”

“मुलूख हसायलाय म्हणून म्हणतो. शाळेत पोरं आमच्या पोरास्नी म्हणतेत, आला बघ मागत्या, वाढा त्याला. कोशात लिवलं की मास्तरबी म्हणतील.”

“अहो, सगळ्या गावांना चिडवतात. आमच्या वालूरवाल्यांना काय कमी बोलतात?”

“पर कार्डावर वालूरच लिवलंय न्हवं तुमी?”

किशनराव हसले. मग म्हणाले, “फैसला दत्तरावांनी करावा. खिडकीत बसणारा माणूस. त्यांना सगळं ठाऊक.”

दत्तराव खाली पाहत होते. त्यांना नाही म्हणता आले असते. पण का नाही, असे कोणीतरी विचारले असते. भुजंग त्यांच्याकडे पाहत होता. मग तो म्हणाला, “साहेबांनी करावा. आमची हरकत न्हाई.”

आठ दिवसांनी फैसला आला. नेहमीसारखाच नेटका. ‘माझा या नोंदीशी संबंध नाही. सोळा वर्षांत खिडकीवर बायनावाडी म्हणून विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मागतेवाडी म्हणून रोज विचारतात. नाव कडू आहे, परंतु रूढ आहे. माथ्यावर मागतेवाडी ठेवावे.’ खाली सही. नियमाप्रमाणे एक प्रत मी भुजंगाला पाठवली.

पुढे जे घडले ते मला दत्तरावांनीच सांगितले.

बाजाराचा दिवस होता. खिडकीपुढे रांग होती. रांगेतून भुजंगाचे तोंड भोकासमोर आले.

“मागतेवाडीला गाडी किती वाजता हाय, साहेब?”

दत्तरावांचा हात वेळापत्रकावरच थांबला.

“कामून? फैसला झालाय न्हवं? आमीबी शिकायलोत म्हणायला.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. मागचा एकजण ओरडला, “अरे सरक ना बाबा, मागतेवाडीला काय कलेक्टर चाललाय?” रांग हसली. भुजंग बाजूला झाला. जाताना जाळीला तोंड लावून हळू म्हणाला, “आईनं वाचून घेतलं तुमचं. दोनदा.”

त्या दुपारी दत्तराव माडीवर आले आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर एकच ओळ होती: ‘माझा या नोंदीशी संबंध आहे.’

भुजंगाची आई म्हाळसाबाई ही त्यांची सख्खी मावशी. आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवले. वाडीत त्यांचे नाव येडबा. कुळाच्या देवावरून ठेवलेले. वालूरच्या शाळेत पहिल्या दिवशी पोरे त्या नावाला हसली, तेव्हा मास्तरांनी विचारल्यावर नऊ वर्षांच्या पोराने सांगितले, माझे खरे नाव दत्तराव आहे. मास्तरांनी लिहून घेतले. पुढे मॅट्रिक झाले, नोकरी लागली, जिंतुरात खोली घेतली. लग्नात मावशीला बोलावले. पण पंगतीत नवरीकडच्यांना ती वाडीची आहे हे कळू नये म्हणून मागे बसवले.

“आणि बहात्तर साली?” मी विचारले. का विचारले कोण जाणे. त्यांच्या तोंडावरून वाटले की अजून काही उरले आहे.

ते बोटाने कागदाची कड दुमडत राहिले.

“स्टँडवर आल्या होत्या बाया. सात-आठ जणी. कँटीनच्या मागच्या बाजूला उभ्या होत्या, उरलंसुरलं मिळतं म्हणून. मावशी होती. तिनं मला खिडकीत पाहिलं. हाक नाही मारली तिनं. मी आतून फळी लावून घेतली.”

खिडकीला आतून एक लाकडी फळी होती. जेवणाच्या सुट्टीत लावतात ती. तेव्हा जेवणाची सुट्टी नव्हती.

“तेव्हापासून गेलो नाही. काय तोंड घेऊन जाऊ? आणि ती माणसं इतकी चांगली की, भुजंग त्या दिवशी समोर बसलाय, त्याला सगळं ठाऊक आहे, एका शब्दानं तो मला उघडा पाडू शकत होता. त्यानं साहेब म्हटलं.”

आम्हीच ती ओळ लिहायला लावली होती. संबंध नसलेला माणूस न्याय करील, अशी आमची समजूत होती. संबंध तोडलेला माणूस कुठे बसतो, याचा विचार नियम करताना कोणी केला नव्हता.

पुढच्या बैठकीत त्यांनी कागद स्वतः वाचून दाखवला. उभे राहून, सगळ्यांपुढे, आपल्या पहिल्या नावासकट. कोणी रागावेल, कोशातून काढतील, अशी त्यांची तयारी होती. किशनराव मोठ्याने म्हणाले, “अहो मग तर झालंच की! घरचाच माणूस मागतेवाडी म्हणतो, आता आणखी काय पुरावा पाहिजे?”

ते चेष्टेत म्हणाले असावेत. दत्तराव खाली बसले. कोणी मारले असते तरी ते इतके वाकले नसते.

“सर, संबंध निघाला की फैसला रद्द. नियम तुमच्याच अक्षरातला आहे,” सुलाबाई म्हणाल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या, बोलणे तुटक. “माझं नातं नाही तिथं. मी लिहिते.”

सुलाबाई पोलिओच्या डोसाची पेटी घेऊन तसेही वाडीवर जात. या वेळी त्या घराघरांतून विचारून आल्या. त्यांचा फैसला असा होता: ‘माझा या नोंदीशी संबंध नाही. गावाला लोक दोन नावांनी बोलतात. एक हाक मारायला, दुसरे चिडवायला. चिडवायचे नाव जास्त ऐकू येते, कारण ते मोठ्याने म्हणतात. वाडीतल्या माणसांनी मला सांगितले की खिडकीवर, दवाखान्यात, बाजारात आम्हीही मागतेवाडीच म्हणतो, नाहीतर समोरच्याला कळत नाही. तेव्हा खिडकीवरचा हिशेब पुरावा धरता येत नाही. ज्याचे नाव आहे त्याला आधी विचारावे. माथ्यावर बायनावाडी.’

किशनरावांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला. मग खोक्यातून आपले कार्ड काढले आणि कोऱ्या पत्रिकेच्या पाठीवर नवे लिहायला घेतले. दुष्काळाची ओळ त्यांनी गाळली. कोणी सांगितले नव्हते.

दत्तराव मला म्हणाले, “प्रत पोस्टानं नका पाठवू. मी नेतो. तुम्ही चला बरोबर.”

आम्ही फाट्यावर उतरलो आणि माळावरून चालत गेलो. वाटेत ते मला सांगत होते, मावशी आधी शिव्या देईल. लय तोंडाळ आहे. येडब्या, मेल्या, इतके दिवस मसणात गेला होतास का, म्हणेल. हातात असेल ते फेकून मारील. सांगताना ते थोडे हसलेही. शिव्यांची त्यांनी चौदा वर्षे वाट पाहिली असावी.

म्हाळसाबाई वाडग्याशी एका करडाच्या पायाला हळद लावत बसली होती. भुजंग शाळेत होता. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले, उठली, लुगड्याला हात पुसले आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

“या दत्तराव,” ती म्हणाली. “बसा.”

आत जाऊन तिने नवी घोंगडी आणली, आणि पाहुण्यांना घालतात तशी चार घड्यांची आमच्यापुढे घातली. तांब्याभर पाणी ठेवले.

दत्तरावांनी प्रत तिच्या हातात दिली. बायनावाडी लागले, म्हणाले.

“बरं झालं. पोरास्नी बरं झालं. त्या डोसवाल्या बाईचं भलं व्हवो. तुमालाबी तरास झाला, येवढ्या लांब आलात.”

“मावशी, असं काय बोलायलीस? येडबा म्हण की.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. रागाने नाही. मला वाटते राग तिचा केव्हाच संपला होता, आणि तेच सहन होण्यासारखे नव्हते.

“न्हाई बाबा. घरोघर आल्या तवा बाई सांगून गेल्या न्हवं समद्यांला, ज्याचं नाव त्याला पुसावं. तुमाला पुसलं व्हतं शाळेत मास्तरानं. तुमी दत्तराव सांगितलं. तवाच आमी ऐकाया पायजे व्हतं, आमीच चुकलो येवढी वर्सं.” मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “साहेबास्नी च्या चालंल का? दूध शेळीचं हाय.”

चहा आला. दत्तरावांनी तो प्यायला. काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी करडाच्या पायाचे विचारले, तिने सांगितले. मेंढरे किती, विचारले, तिने सांगितले. मग विचारण्यासारखे काही उरले नाही.

आम्ही निघालो तेव्हा ती वाडग्याच्या काट्यापर्यंत आली.

“पुन्यांदा या, दत्तराव,” ती म्हणाली.

घरच्या माणसाला असे कोणी सांगत नाही. दत्तराव काट्याशी थांबले. त्यांच्या ओठांवर काही आले होते. पण ती तोवर करडाकडे वळली होती.