पुसली गेलेली रेघ

माझी मावशी सूर्याकडे बघत बसण्याचा पगार घेते, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खरं तर सूर्य तिला धड दिसायचाही नाही. अवकाशयानावरच्या कॅमेऱ्यात सूर्यापुढे एक काळी चकती असते. तिच्या कडेनं बाहेर काय उसळतंय, तेवढंच मावशीनं पाहायचं. सूर्य अधूनमधून तापलेल्या वायूचा मोठा लोट फेकतो. तो आपल्यावर आला, तर विजेच्या तारांत नको तो प्रवाह शिरतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतात. त्याचा इशारा मावशी आधी द्यायची.

दुसऱ्या कॅमेऱ्यात सूर्याचा चेहरा दिसायचा. त्यावरच्या खुणा ती रोज सकाळी पडद्याला प्लॅस्टिकचा कागद लावून हातानं गिरवायची. कार्यालयात तिला ‘बालवाडी’ म्हणत. आणि खरं बोलण्याच्या बाबतीत तर ती वैताग आणायची. वय विचारलं तरी महिन्यांसकट सांगायची.

त्या मंगळवारी चकतीभोवती पूर्ण कडं दिसलं. कडं दिसलं म्हणजे लोट एक तर थेट आपल्याकडे येतोय, नाहीतर सूर्याच्या पाठीमागून पलीकडे चाललाय. चित्रात दोन्ही सारखीच दिसतात. चेहऱ्यावर स्फोट कुठेच नव्हता. साहेब म्हणाले, "पाठीमागचं आहे. सोडून द्या."

मावशीनं कालचा कागद पडद्यावर लावला. काल गिरवलेली लांबलचक काळी रेघ आज सूर्यावर नव्हती. ती रेघ म्हणजे सूर्यावर तरंगणारा वायूचा पट्टा; स्फोटाचा गाजावाजा न करता तेवढा पट्टा उडाला होता, आणि तोही आपल्याच बाजूचा.

घरी काका होते. त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. श्वास चालायचा तो विजेवरच्या ऑक्सिजन मशीनवर. इशारा दिला, तर गुरुवारी आमच्या भागाची वीज दुपारी एक ते सात बंद राहणार, आणि एकदा बंद केली की मध्येच चालू करत नाहीत. नाही दिला आणि ट्रान्सफॉर्मर जळले, तर कित्येक महिने वीज नाही. शिवाय लोटाबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या उलटी असेल तरच तो घात करतो, आणि ती दिशा तो दारात येईपर्यंत कळत नाही.

तिनं इशारा दिला. मग मला फोन केला, "सिलेंडरवाल्याकडे धाव."

ऑक्सिजनचा एकच सिलेंडर मिळाला. पाच तास पुरणारा. दवाखान्यात जायला काकांनी साफ नकार दिला. "सहा तासांना पाच तासांचा सिलेंडर? तुझं गणित तर पक्कं आहे ना गं?" ते मावशीला म्हणाले.

गुरुवारी एक वाजता पंखा थांबला. काकांनी हात लांबवून स्वतःच सिलेंडरचा प्रवाह कमी केला. मावशी काट्याकडे बघत होती आणि मी काकांच्या ओठांकडे. तीन वाजता मावशीचा फोन वाजला. तिनं वाचलं आणि फोन उशीखाली सरकवला. पाचला ओठ निळसर झाले. सहाला काकांना बोलता येईना. मी इतकी घाबरले होते, की त्यांचा एकेक श्वास मोजत होते. काटा लाल पट्ट्यात जाऊन शून्याला टेकला.

सातला दोन मिनिटं कमी असताना पंखा फिरला. मावशीनं लगेच मशीन लावलं.

अर्ध्या तासानं काकांना कंठ फुटला. "आलं होतं का गं खरंच?"

त्याआधीच मी उशीखालचा फोन काढून वाचला होता, आणि तो अजून माझ्या हातात होता. लोट आला होता, पण दिशा सरळ. वीज चालू असती, तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

मावशीनं त्यांच्या गळ्याखालचा घाम पुसला. "आलं होतं," ती म्हणाली. "आणि दिशा उलटी होती. पूर्ण उलटी."

"मग ठीक," काका म्हणाले आणि झोपले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन होता तिथे ठेवला.