गंगाफळावरचा पहिला घाव

अडतीस वर्षं कापडाच्या लूमच्या खटखटाटात काढली म्हणजे माणसाच्या कानाचं काय होतं, ते बमरोलीत कुणाला सांगावं लागत नाही. सुपडूचे दोन्ही कान कारखान्यानं ठेवून घेतले आणि उरलेला माणूस परत दिला. समोरच्याच्या ओठांकडं बघून तो समजून घेतो, आणि आपला आवाज आपल्याला कळत नाही म्हणून ओरडून बोलतो. घरात त्यानं "चहा ठेव" म्हटलं की गल्लीतल्या चार बाया आपापल्या चुलीपासून "ठेवला, ठेवला" करतात.

असल्या माणसाला गुपित बोलायचं असलं तर त्यानं जावं कुठं?

बोलायचं होतं सुनेशी. पोरगा गोपाल दोन वर्षांपूर्वी काविळीनं आठ दिवसांत गेला. बायको वत्सला त्याच्याही आधी. एका खोलीत तीन माणसं राहिली: सुपडू, सून नूतन आणि सहा वर्षांची नात अपर्णा. आता नूतनचा पाट ठरला होता. हजीऱ्याला क्रेन चालवणारा भूपेंद्र, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस निर्व्यसनी. होकार सुपडूनंच दिला. तिशीतल्या बाईनं सासऱ्याच्या भाकरी थापत म्हातारं व्हावं, असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. पण दिवाळीनंतर नूतन जाणार म्हणजे अपर्णाही जाणार, हे त्याच्या डोक्यात चार दिवसांनी शिरलं, आणि तिथून पुढं त्याला घास गोड लागेना. पोरगी माझ्याजवळ ठेव, एवढंच विचारायचं होतं. पण गल्लीनं ऐकायला नको. सून नाही म्हणाली तरी बाया तिला नावं ठेवणार, हो म्हणाली तरी ठेवणार.

गावाकडचा रघुनाथ चलथाणजवळ उसाला लागून तीन विघे जमीन खंडानं करतो. नवरात्र सरलं की त्याची गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, काढणीला येतात.

"रविवारे रघुनाथना वावरमा जाऊत! पोरले गंगाफय दाखाडसू!" सुपडू सुनेला म्हणाला.

शेजारच्या दारातून सरलाबाई ओरडली, "आम्हनाकरता बी एक लई या, आबा!"

दोन रिक्षा बदलून तिघं गेली. आश्विनाचं ऊन चामडी सोलत होतं. रघुनाथ टेम्पो भरून मार्केटला गेलेला, घरी त्याची बायको शोभा. वेल वाळून गेले होते आणि मातीत गंगाफळंच गंगाफळं, बसलेल्या गाईंसारखी. अपर्णा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत सुटली. आजाला काही सांगायचं तर पुढं येऊन सदरा ओढायचा आणि मगच बोलायचं, हे ती चालायला लागल्यापासून शिकलेली; बोली मात्र शाळेतली गुजराती.

"आबा, जुओ ने! केटलुं मोटुं कोळुं!"

"कोळुं तुनी मास्तरीननं. आपलं गंगाफय."

"गंगाफय," तिनं ऐटीत म्हटलं.

पिकलं का कच्चं, ते बोटाच्या हाडानं ठोकून कसं बघायचं ते त्यानं दाखवलं. आवाज त्याला येत नव्हता, पण पिकलेलं फळ बोटाला कळतं. मग पोरीला शोभाजवळ सोडून तो नूतनला उसाच्या बांधावर घेऊन गेला.

"नूतन, पोरले मनाजोडे ठेव!"

उसातले बगळे उडाले. नूतन खाली बघून काहीतरी बोलली.

"तोंड वर करीसन बोल, बाई."

तिनं वर बघितलं. "बाबा, रांधी कोन? शाळामा सोडी कोन?"

"मी. भाकर येस माले. तुनी सासू आजारी व्हती तवय मीच टाकू."

बराच वेळ ती ढेकळं पायानं फोडत राहिली. मग त्याच्यासमोर नीट उभी राहून म्हणाली, "तुम्ही एकला पडशात, ते माले बी दिसस. शाळानं वरीस पुरं होवू द्या. जूनपावत राहू दे तुमनाजोडे. मंग पाहूत."

जून म्हणजे आठ महिने. सुपडूनं उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

दोघं परत आली तोवर मायलेकींना घ्यायला भूपेंद्र मोटारसायकलवर आला होता. येताना पोरीला जलेबी आणली होती. शोभानं पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती आणि अंगणात दहा-बारा किलोचं गंगाफळ मांडलं होतं. आमच्याकडं अख्खं गंगाफळ म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईनं त्याला पहिला घाव घालायचा नाही, तो गड्यानं घालायचा. मग पुढं बायांनी त्याचं काय हवं ते करावं.

"दोन-दोन गडी उभा शेतस," शोभा म्हणाली, "नि मनी भाजी खोळंबनी! कोन घाव घाली?"

भूपेंद्र मागं सरला. "आबाच. ते मोठे."

सुपडूनं कोयता घेतला. गोपाल गेल्यापासून त्याच्या घरात अख्खं गंगाफळ आलं नव्हतं. त्यानं हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून नमस्कार केला. फळ बुडाला गोल होतं, डुलत होतं. ते बघून समोरून अपर्णा धावली आणि पलीकडून दोन्ही हातांनी दाबून बसली. "आबा, हुं पकडुं छुं!" घाईत ह्या एका वेळेला सदरा ओढायचा राहिला.

नूतन किंचाळली. शोभा किंचाळली. सुपडूनं डोळे उघडले ते थेट देठावर, फळाआड वाकलेली पोर त्याला दिसलीच नाही; त्यानं कोयता उचलला आणि अंगातलं सगळं बळ लावून खाली आणला.

तेवढ्यात भूपेंद्रनं उडी मारून पोरीला मागं ओढलं. गंगाफळ उभं चिरलं गेलं.

"पाह्य! एक घावमा!" सुपडू हसत वळला. सगळ्यांची तोंडं उघडी होती. सालीवर रक्त होतं. पोरीच्या करंगळीचं टोक सोलून लोंबत होतं.

शोभानं हळद दाबली, फडकं बांधलं, तसं रक्त थांबलं. भूपेंद्र सुपडूसमोर आला, तोंड मोठं करून सावकाश म्हणाला, "आबा, थोडंच लागलंय." आणि पोरीला मांडीवर घेऊन बसला. तिनं हुंदके देत त्याच्या बुशकोटात तोंड खुपसलं. गोपालच्या वयाचाच होता तो.

रक्त लागलेली फोड शोभानं कोंबड्यांना टाकली आणि बाकीची भाजी शिजवली. माणसं आली होती, जेवायला तर घालायलाच हवं. सुपडू कोयता धुऊन बांधाकडं तोंड करून बसला. जेवणानंतर नूतन त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"बाबा, जूननं जे म्हटलं व्हतं..."

त्यानं हात आडवा धरला. "नको. दिवाळीलेच लई जा तिले."

तिनं आग्रह केला नाही. त्याला वाटलं होतं एकदा तरी करील. ती उठली, पोरीच्या चपला शोधल्या, आणि तिघं मोटारसायकलवर बसून पोरीला टाके लागतात का ते दाखवायला दवाखान्यात निघून गेली.

शोभानं फडक्यात एक मोठी फोड बांधून त्याच्यापुढं ठेवली.

"इतलं काय करू? एकल्याले कितलं लागस?"

शोभानं फडकं सोडलं आणि फोड निम्मी केली.