दौलतभाऊंचा तळहात

दौलतभाऊ मेश्राम कुठल्याही यंत्रासमोर उभे राहिले की आधी त्यावर उजवा तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे मिटत. बाकीचे फिटर लोखंडी पान्याचं एक टोक बेअरिंगवर टेकवून दुसरं कानाला लावत. दौलतभाऊही पाना कानाला लावत, पण फोरमन पाहत असला तरच.

त्यांना ऐकू येत नव्हतं. भिलाईत हे दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यांची बायको भागरथावहिनी आणि मी. नागपूरकडे बॉयलरवर रिव्हेट ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते. इथे तेव्हा पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, ठेकेदाराला हात हवे होते, कान कुणी विचारले नाहीत. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत. पाठीमागचं सगळं माझ्याकडे. क्रेनची घंटा, इंजिनाची शिट्टी, साहेबाची हाक. मी दंडाला हात लावायचा, एवढं ठरलेलं.

सुरुवातीला मी एकदा विचारलं, "भाऊ, मग मशीन कळतं कसं तुम्हाला?"

"तळहाताले समजते ना. मशीनसाठी मले कोनाचा कान नाही लागत. मानसांसाठी लागते. मानसं मागून येतेत."

मला तो विनोद वाटला. मी हसलो.

माझी बाजूही सांगायला हवी. मी रेल्वेतल्या बाबूचा मुलगा, मॅट्रिक, हातात काही नाही. दोन शाफ्ट एका रेषेत आणायचं काम माझ्या नावावर असे आणि करत दौलतभाऊ. वर साहेबासमोर मलाच दटावत, "कावून बे वामन, झोप येऊन राहिली का? एवढं चांगलं लावलं अन् पुसलं नाही?" म्हणजे साहेबाला वाटावं, मीच लावलं. त्यांचे हात आणि माझे कान मिळून आमचा एक पुरा फिटर होत असे. फाल्गुनात माझी ट्रेड टेस्ट होती, फिटर म्हणून पक्कं होण्याची परीक्षा.

त्या हिवाळ्यात अहिवाऱ्याकडच्या एका मालगुजार जमीनदाराच्या घरचं बोटीचं मशीन विकायला निघालं. नावेच्या मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं. खाली पाण्यात पंखा फिरतो. लढाईच्या आधीचं, विलायती. म्हाताऱ्या मालगुजाराने तलावावर बदकं मारायला घेतलेलं. तो गेला, मुलांना ते अडगळ झालं.

दौलतभाऊंचं गाव वैनगंगेच्या काठी. घाटावरची नाव आधी गावाची; यांच्या वस्तीने थांबायचं, जागा उरली तर बसायचं. त्यांची आई तापात अशीच दुपारभर घाटावर थांबली होती. दवाखाना पलीकडे होता. ती पलीकडे पोचलीच नाही. धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. नोकरी सोडून गावी जायचं, आणि आपली नाव चालवायची.

"तिच्यात कायदा एकच. जो आधी आला तो आधी बसन. पाटील मागून आला तं पाटील मागून बसन. त्याचं तोंड पाहाले तरी तू ये एखाद्या दिवशी."

मी ज्या घरातला आहे, त्या घराला कुठल्याही घाटावर थांबावं लागलेलं नाही. मी तेव्हाही हसलो.

एका रविवारी आम्ही सायकलींवर गेलो. मालगुजाराच्या गड्याने पाण्याचा ड्रम भरला, मशीन ड्रमच्या काठाला लावलं. पेट्रोलात तेल मिसळून दौलतभाऊंनी दोरी ओढली. चौथ्यांदा निळा धूर सोडून ते सुरू झालं. इतका एकसारखा, गुळगुळीत आवाज मी कधी ऐकला नव्हता. दौलतभाऊ तळहात ठेवून उभे राहिले. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"सांग वामन. तुहा कान काय म्हनते?"

ते गावी गेले की माझं काम उघडं पडणार होतं. एवढंच माझ्या मनात आलं. घाट नाही आला, त्यांची आई नाही आली.

"आत ठोका आहे, भाऊ. बेअरिंग गेलंय. पैसे पाण्यात जातील."

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले, माझं बोलणं संपल्यावरही. मग तळहात उचलून धोतराला पुसला.

"बरं. मंग नाही घेत."

वाटेत त्यांनी भजी घेतली. पुडा माझ्यापुढे धरत म्हणाले, "तुही परीक्षा फागुनातच ना? होऊन जाईन. घाबरू नको."

त्यानंतर रोज संध्याकाळी मरोद्याच्या बाजूच्या त्यांच्या टिनाच्या घरापुढे त्यांनी माझ्याकडून भंगारातले शाफ्ट लावून घेतले. मी पास झालो. मला दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं. त्यांच्या नव्या जोडीदाराला मी कानाचं सांगितलं नाही. कुणाला सांगायचं नाही, असा शब्द दिला होता.

पाच आठवड्यांनी रूळ ओलांडताना, मागे ढकलत आणलेल्या वॅगनखाली ते गेले. शिट्टी वाजली होती, सगळ्यांनी ऐकली. मीही ऐकली, माझ्या नव्या शेडमध्ये चहा पिताना.

वहिनी गावी परतल्या. वीस वर्षं मी त्यांना नेमाने पत्र पाठवलं आणि एकाही पत्रात मशीनचा उल्लेख केला नाही. यंदा मात्र गेलो. त्या ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होत्या. बसायच्या आधीच बोललो, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"वहिनी, ते मशीन चांगलं होतं. मी खोटं बोललो होतो."

"माहीत आहे ना, भाऊजी." त्यांनी मान वर केली नाही. "त्याच दिवशी घरी येऊन मनले, मशीन एकदम चांगली आहे, हाताले समजलं. पन वामन घाबरला आहे. त्याची परीक्षा होऊन जाऊ दे, मंग घेऊ."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"तुमी पास झाले तवा पुन्हा गेले अहिवाऱ्याले. मशीन तशीच पडून होती. ठेवा मनले, पावसाच्या आधी नेतो." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जेवून जा. वांग्याची भाजी आहे."

जेवून घाटावर आलो. नाव लागली होती, साधी, वल्ह्याची. माझ्या आधी येऊन दोन म्हाताऱ्या जरा बाजूला, वाळूत बसल्या होत्या. नावाड्याने माझे कपडे पाहिले.

"या साहेब, बसा तुमी. दोनच जागा आहे."

"त्या आधी आल्यात," मी म्हणालो.

त्या बसल्या. त्या खेपेला माझ्यासाठी जागा उरली नाही.