रक्त देणाऱ्याचा घास

वृषालीच्या अंगात रक्त टिकत नाही. म्हणून लहानपणापासून दर तीन-चार आठवड्यांनी लासुर्ण्याहून बारामतीच्या दवाखान्यात जायचं, खाटेवर आडवं व्हायचं, आणि कुणाचं तरी रक्त थेंब थेंब आत येताना बघायचं. बघता बघता तिचा डोळा लागे. एकदा तिला वाटलं, हे पोहणाऱ्याचं रक्त असणार. स्वप्नात ती नीरा नदीत मनसोक्त पोहली.

घरी आल्यावर तिची आई, द्वारकाबाई, ताटातला पहिला घास काढून दारच्या डाळिंबाच्या बुंध्याशी ठेवीत.

"ज्यानं रगत दिलं, त्याचा."

"आई, त्यानं शिबिरात केळं आन् बिस्किटं खाल्ली असतील."

"खाऊ दे की. आपला घास येगळा."

यंदा श्रावणात तो घास राहून गेला. पंधरवडा उलटला आणि वृषालीला हुडहुडी भरली. वाकळांखाली दात वाजत राहिले. मग तापानं अंग फणफणलं, घाम फुटला, ती उठून बसली. एक दिवस बरा गेला. पुन्हा थंडी. तापात तिला रान दिसे. उंच झाडं, ओली पानं, पुढं चाललेला एक पाठमोरा माणूस.

"रुसलाय त्यो," द्वारकाबाई म्हणाल्या. प्रत्येक हुडहुडीला त्या डाळिंबाखाली घास ठेवू लागल्या. वृषालीनंही अडवलं नाही. ते रान तिला आवडू लागलं होतं.

एका सकाळी मात्र तिला केसातला कंगवा ओढवेना.

"आई, त्याला लई जेवाय घातलंस. आता मला दवाखान्यात ने."

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब तपासला. हिवताप. वस्तीवर दुसऱ्या कुणालाच नव्हता.

"दिलेल्या रक्तातून आला असावा," ते म्हणाले. "जंतू फार थोडे असले तर तपासणीतून निसटतात. देणाऱ्यालाही पत्ता नसतो."

"म्हंजी त्यो रुसला नव्हता?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाही हो. आजारी होता."

गोळ्यांनी ताप गेला. रानही गेलं. पण पुढची पिशवी टळणार नव्हती. वृषालीची नखं पांढरीफटक पडली होती. खाटेवर तिनं हात चादरीखाली दडवला. आत येणाऱ्या माणसाची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

"हात दे की गं," रोहिणी सिस्टर म्हणाल्या. "पिशवी घेऊन गोंधळ घालू का हितं?"

"सिस्टर, तो मागचं रक्त देणारा सापडला?"

"सापडला. औषध चालू हाय त्याला. सारखं विचारत होता, माझ्या रक्तानं कुणाला काय झालं न्हाय ना? रडवेला झालता गडी."

वृषालीनं हात बाहेर काढला.

डोळा लागला तेव्हा ते रान परत आलं. पाठमोरा माणूस एका झाडाखाली थांबला होता. तो वळला नाही. बसला, एवढंच.

घरी द्वारकाबाईंनी आज दोन घास काढले. त्यांना भाकरीवर ठेचा ठेवताना बघून वृषालीनं त्यांचा हात धरला.

"एका घासाला तिखट नको, आई. आजारी हाय त्यो."