एका माणसाला एकच नाव

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मालकाला कुणी भीत नाही, मायाक्काला मात्र सगळे भितात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ती वीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवतेय आणि सोबत आमची बावीस जणांची भिशी चालवतेय. महिन्याला प्रत्येकानं दोन हजार भरायचे, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी रक्कम न्यायची. तिचा नियम एकच. एका माणसाला एकच नाव.

हा नियम तिला फार महागात पडून सुचला. पूर्वी गुरुशांत नावाच्या ठेकेदाराला तिनं आठ नावं घेऊ दिली होती. मोठा माणूस, भिशी पटकन भरेल, एवढाच विचार. त्यानं सुरुवातीलाच चार चिठ्ठ्या उचलल्या आणि गाव सोडलं. भिशी बुडाली. मायाक्कानं सोन्याच्या पाटल्या मोडून एकेकाचे पैसे भागवले. तेव्हापासून तिच्या हातात काचेच्याच बांगड्या. या वर्षी आपली चिठ्ठी निघाली की ती पाटल्या करणार, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

अशात मागावरच्या इंद्रजीतनं मोबाईलवरच्या एका नव्या क्रिप्टो नाण्याचं खूळ आणलं. महिन्यात भाव चौपट! सगळी भिशी त्यात घालू, म्हणाला. आम्ही हुरळलो, आणि सगळ्यात पुढं मी.

जेवणाच्या सुट्टीत मायाक्कानं विचारलं, "ही नाणी कुणाकडं किती हायती?"

"चार लाख लोकांकडं हायती की, अक्का!"

"लोकं किती ते न्हाय इचारलं. कुणाकडं किती?"

इंद्रजीतनं मोबाईलवर शोधलं. शंभरातली ब्याऐंशी नाणी फक्त पाच खात्यांत होती.

"मोठी माणसं हायती, अक्का. ती कशाला इकत्याल?"

"गुरुशांत बी मोठाच हुता की. त्या पाचांनी इकायला काढली, तर घ्यायला कोण? तुमीच. भिशी तितं जाणार न्हाय. चिठ्ठी निघाल्यावर ज्याच्या त्याच्या पैशाचं त्यानं बघावं."

त्याच महिन्यात चिठ्ठी माझी निघाली. चव्वेचाळीस हजार. ते माझ्या पोरीच्या, ऋतुजाच्या, नर्सिंगच्या फीचे होते, आणि मी मूर्खानं ते नाण्यात घातले. पंधरा दिवसांत दुप्पट दिसले, तेव्हा मायाक्काला चिडवूनही आलो. मग एका दुपारी त्या पाचांतल्या तिघांनी आपली नाणी विकली. चहाची सुट्टी संपेपर्यंत माझे तीन हजारसुद्धा उरले नाहीत.

फीची मुदत जवळ आली. मी मान खाली घालून म्हणालो, "अक्का, मला आणखी एक नाव दे. दोन्ही हप्ते भरतो."

"एका माणसाला एकच नाव," ती म्हणाली. मला असा राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

पुढची चिठ्ठी तिची स्वतःची निघाली. बायकांनी पाटल्या, पाटल्या म्हणून गिल्ला केला. मायाक्कानं मला ऋतुजाला बोलवायला सांगितलं आणि सगळे पैसे पोरीच्या हातात ठेवले.

"तुज्या बाचा यात काय संबंद न्हाय. नर्स झालीस की तू फेडायचं."

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही.

"आणि तुझ्या पाटल्या, अक्का?"

"पुढच्या भिशीला. हात कुटं पळून जात्यात व्हय?" असं म्हणून तिनं काचेच्या बांगड्या मागं सारल्या आणि पुढचा टॉवेल मशीनखाली घेतला.