धक्क्याला लागलो

आमच्या खानदेशात समुद्र नाही. पांझरेला पाणी आलं तर पुलावर जाऊन बघणारी माणसं आम्ही. अशा धुळ्यातल्या आमच्या घरातला एकुलता एक मुलगा नौदलात गेला आणि तोही विमानवाहू जहाजावर, याचं सगळ्या कॉलनीला कौतुक. मला मात्र धसका. कौतुक करायला लोकांचं काय जातं? घोर ज्याचा त्यालाच लागतो.

आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. धुळे-पिंपळनेर रस्त्यावरचा एकेक खड्डा त्यांच्या ओळखीचा. निवृत्तीनंतर हातातलं स्टिअरिंग गेलं, मोबाईल आला आणि पोरगा जहाजावर रुजू झाल्यापासून जगातल्या झाडून सगळ्या विमानवाहू जहाजांचा कारभार यांनी अंगावर घेतला. मी मशीनवर ब्लाउज शिवत असायची आणि हे पलंगावरून मला हिशेब द्यायचे. अमेरिकेचा डेपो सगळ्यात मोठा, त्यांच्या गाड्या अणूवर चालतात, डिझेलची भानगडच नाही. फ्रान्सकडे एकच, पण तीही अणूवरची. रशियाकडे एकच, आणि ती कित्येक वर्षं वर्कशॉपला पडलेली. थायलंडकडे जहाज आहे पण त्यावर विमानंच नाहीत. ‘‘गाडी आहे, पॅसेंजर नाही,’’ असं म्हणून स्वतःच हसायचे. चीन नवीन नवीन बांधतोय याचं त्यांना फार वाईट वाटायचं, जणू चीननं यांना न विचारता बांधलं.

सासरे आमच्यासोबतच असतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. साक्रीकडच्या गावात आयुष्यभर शेती केली, बोलतात अजूनही अहिराणीच. पोरगा पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा आबांनी त्याला समोर बसवून एकच प्रश्न विचारला होता, ‘‘पाणीवर इमान उतरस, मंग ते बुडत नही का?’’

पोरानं त्यांना छान समजावलं. जहाजाची वरची बाजू सपाट असते, आपल्या नाल्याकडच्या वावराएवढी. आपल्या जहाजाचं पुढचं टोक वर उचललेलं असतं, विमान धावत जातं आणि त्या चढावरून हवेत झेप घेतं. अमेरिकेची विमानं यंत्रानं ढकलून सोडतात. उतरताना मात्र खरी गंमत. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो आणि जहाजावर आडव्या जाड तारा ताणलेल्या असतात. आकडा तारेत अडकला की विमान जागच्या जागी थांबतं. विहिरीत पडलेली बादली आपण गळ टाकून काढतो, तसं काहीतरी, हे आबांना लगेच पटलं. पोराचं काम त्या तारांपाशीच. अंगात हिरवं जाकीट घालायचं, कानावर मोठे हेडफोन लावायचे, विमान थांबलं की तार सुटून परत जागेवर गेली का ते बघायचं. हे सगळं तो हसत हसत सांगत होता आणि मी पोळ्या लाटता लाटता एकच विचारलं, तार तुटली तर? तो म्हणाला, तुटत नाही गं. आईला असं उत्तर देणाऱ्या मुलांचा मला भयंकर राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तापलं. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ नकाशे, बाण, आणि ओरडणारी माणसं. पोराचा फोन आला, काही दिवस बोलता येणार नाही, काळजी करू नको. कुठं जातोय ते मी विचारलं नाही, विचारून तो सांगणार नव्हता. त्यानंतर फोन बंद. मी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. यांनी ती शोधून काढली. मग मी ती पिठाच्या डब्यात ठेवली, तिथून मात्र यांना सापडली नाही.

देवाला नवस बोलले नाही असं नाही. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला बोलले. पण नवस बोलून माणसाचं मन थोडंच थांबतं? हाताला काम पाहिजे म्हणून मी त्या वर्षी कुरडयांचा घाट घातला. घरात खाणारी तीन माणसं, त्यातल्या आबांना दात नाहीत. तरी गहू भिजवले, वाटले, गाळले, आणि एका सकाळी गच्चीवर मोठं पातेलं चढवून चीक शिजवायला घेतला. शेजारच्या अक्का मदतीला आल्या होत्या. चीक शिजताना हात थांबला की गाठी झाल्याच, म्हणून मी मान खाली घालून ढवळत होते.

खाली फोन वाजला. माझा फोन मी खालीच ठेवला होता, तो यांनी उचलला. मला इतकंच ऐकू आलं की हे मोठमोठ्यानं हॅलो हॅलो करतायत. मग जिन्यात पावलं वाजली. हे वर आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘‘पोराचा फोन होता,’’ म्हणाले. ‘‘जहाजाला धक्का लागला म्हणतो. मग कटच झाला.’’

आता ड्रायव्हर माणसाच्या तोंडून ‘धक्का लागला’ म्हणजे काय हे ड्रायव्हरच्या बायकोला सांगावं लागत नाही. आयुष्यभर मी ते दोन शब्द ऐकले आहेत. मोटरसायकलला धक्का लागला, बैलगाडीला धक्का लागला, घाटात ट्रकचा धक्का लागला. त्या शब्दांनंतर पोलीस स्टेशन येतं किंवा दवाखाना. माझ्या हातातला कालथा चिकातच राहिला आणि मी जिना उतरले. कशी उतरले ते आठवत नाही.

मी फोन लावला, लागला नाही. परत लावला, बंद. यांना विचारलं, नीट आठवून सांगा, शब्दन् शब्द काय म्हणाला? हे म्हणाले, आवाज तुटत होता, पण धक्का आणि लागलो हे दोन शब्द मी स्पष्ट ऐकले, मला काय धक्का माहीत नाही? मग त्यांनी टीव्हीची वायर मागितली. मी पिठाच्या डब्यातून काढून दिली. टीव्हीवर जहाजाचं नावही नव्हतं. त्यानं तर माझा धीरच सुटला, म्हटलं, लपवतायत. हे एकीकडे मला धीर देत होते आणि एकीकडे ड्रायव्हरच्या डोक्यानं विचार करत होते की धक्का समोरून लागला असेल की बाजूनं, बाजूनं असेल तर निभावतं. त्या वेळी मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आबा ओसरीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

‘‘पोऱ्या सोता बोलना ना? मंग तो बराबर शे.’’

पोरगा स्वतः बोलला म्हणजे तो ठीक आहे, हे खरं होतं, मलाही कळत होतं. पण बोलल्यावर फोन तुटला, त्याच्यापुढं काय झालं? आईचं डोकं पुढंच धावतं. मी देवापुढं जाऊन बसले. हात जोडले की नाही आठवत नाही, नुसती बसले. गणपतीशी त्या दिवशी मी भांडलेच, की बाबा, नवसाची भाषा तुला कळत नसेल तर तसं सांग.

तेवढ्यात फोन परत वाजला. या वेळी मी कोणाला हात लावू दिला नाही.

‘‘आई,’’ पोरगा म्हणाला, आणि आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ. ‘‘मघाशी रेंज गेली. पप्पांनी सांगितलं ना? धक्क्याला लागलो.’’

मी म्हटलं, तुला लागलंय का ते आधी सांग.

त्याला काही कळेना. मग मला काही कळेना. मग यांनी फोन ओढला, आबाही उठून आले, आणि फोन स्पीकरवर टाकल्यावर हळूहळू उलगडा झाला. पोराच्या सोबतचा एक मित्र मालवणकडचा. त्याच्याकडून यानं समुद्राचे मराठी शब्द उचललेले. जहाज बंदरात येऊन जिथं बांधतात त्या दगडी कडेला तिकडे धक्का म्हणतात. धक्क्याला लागलो म्हणजे जहाज किनाऱ्याला आलं, सगळे सुखरूप उतरले, आता रोज फोन करता येईल.

एवढ्या मोठ्या आनंदाला आमच्या घरात अपघाताचं नाव मिळालं होतं. मी हसायलाच लागले, आणि हसता हसता रडायलाही. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याचं नाव मी लहानपणापासून ऐकून होते, पण मला वाटायचं, कोणातरी भाऊला तिथं गाडीनं उडवलं असेल. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर कबूल केलं, तेव्हा आबासुद्धा तोंडाला उपरणं लावून हसले.

आमचे हे मात्र हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पोराला विचारलं, एवढं अवाढव्य जहाज कडेला येतं कसं, त्याला रिव्हर्स असतो का? पोरगा म्हणाला, लहान लहान टग बोटी असतात, त्या बाजूनं ढकलत ढकलत आणतात.

‘‘म्हणजे धक्का देऊनच लावतात,’’ हे म्हणाले. ‘‘मग मी चुकलो कुठं?’’

त्या दिवशी त्यांना सगळं माफ होतं. मघाशी मी जे बोलले होते तेही त्यांनी परत काढलं नाही.

गच्चीवरून अक्कांची हाक आली तेव्हा चिकाची आठवण झाली. त्यांनी गॅस बंद केला होता, पण चीक जो बिघडायचा तो बिघडलाच. इतक्या गाठी, की सोऱ्यातून एक कुरडई धड निघेना. अक्कांना फार हळहळ वाटली. मी ताटल्या आणल्या, गरम चिकावर तेल आणि तिखट घातलं आणि सगळ्यांनी तिथंच बसून तो गाठींसकट खाल्ला. आबांनी दोनदा घेतला. त्या वर्षी आमच्या घरात एकही कुरडई नव्हती आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पुढं पावसाळ्याच्या तोंडावर पोराला सुट्टी मिळाली. रेल्वेनं जळगावला उतरला, आत्याकडे जेवला आणि तिथून एसटीनं धुळ्याला निघाला. एरंडोल सोडलं, पारोळा सोडलं, असे त्याचे निरोप येत होते. हे दुपारपासून स्टँडवर जाऊन बसले होते, आणायला म्हणून. माझ्याकडून अजून नवस फेडायचा राहिला होता, तो फेडायला आम्ही दोघं आणि पोरगा असं तिघांनी मिळून जायचं ठरलं होतं. आबांनी सकाळीच धोतर बदललेलं. मी परत थोडा चीक शिजवायला घेतला, त्याच्या आवडीचा, या वेळी गॅसजवळच फोन ठेवून.

फोन वाजला. मी ढवळता ढवळता कानाला लावला. मागं स्टँडवरचा भोंगा, कंडक्टरची शिट्टी, आणि यांचा आवाज, बॅग इकडं दे, बॅग इकडं दे.

‘‘आई,’’ पोरगा म्हणाला, ‘‘फलाटाला लागलो.’’

या शब्दाचा अर्थ मला कोणाला विचारावा लागला नाही. आबांनी ओसरीतून विचारलं, ‘‘काय म्हने?’’ मी त्यांच्या अहिराणीतच सांगितलं, उना, पोरगा आला म्हणून, आणि हात न थांबवता चीक ढवळत राहिले.