दोन बोटं उंच पाया

मालतीची किसणी टेबलावर ठेवली की डावीकडे कलायची. दुसऱ्या दिवशी भोपाळहून परीक्षक येणार होते. मध्य प्रदेश नवाच झाला होता, त्यामुळे भोपाळहून कोणी येणार म्हटलं की आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना घाम फुटे.

मी इंदूरच्या एका ट्रेनिंग कॉलेजात लाकूडकाम आणि डिझाइन शिकवत असे. शेवटच्या प्रोजेक्टचा विषय मीच दिला होता: घरातल्या एका माणसासाठी एक वस्तू बनवा. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या मालतीनं आईसाठी भुट्टे, म्हणजे मक्याची कणसं, किसायची किसणी केली. बसायला पाट, त्यालाच पुढे पितळी किसणी. पाटाला खाली दोन लाकडी पाये. नक्षी नाही, रंग नाही. प्रोजेक्टात पास झाली तरच तिला शिक्षिकेची नोकरी मिळणार होती. वडील नव्हते. घर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

"जोशीजी, हे तिरपं काय? नाक कापलं जाईल आपलं," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"अभी ठीक करतो, सर."

मालती घरी गेली होती. मी करवत घेतली आणि उजवा पाया दोन बोटं कापून टाकला. पाट पाण्यासारखा सपाट झाला. मुलीचं भलं केलं, या समाधानात मी घरी जाऊन छान जेवलो.

सकाळी मालतीनं पाट पाहिला आणि कापलेल्या पायावरून बोट फिरवलं.

"सर, आई आता यावर नाही बसू शकणार."

तिच्या आईचा उजवा गुडघा वाकत नसे. पाय पसरून बसलं की साध्या पाटावर ती उजवीकडे कलंडायची. मालतीनं आठवडाभर आईला बसवून, पाटाच्या उजव्या पायाखाली फळ्या सरकवून ती उंची ठरवली होती. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात परीक्षक आलेच. त्यांनी किसणी उलटसुलट पाहिली.

"इसमें सुंदर क्या है?"

मालतीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती माझं नाव घेणार नाही, हे मला कळलं.

"साहब, जो सुंदर था, वो मैंने काट दिया," मी म्हणालो.

प्रिन्सिपॉलांनी डोळे मिटून घेतले. मी सगळं सांगितलं. परीक्षक हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"टुकड़ा है?"

कापलेला तुकडा भंगाराच्या खोक्यात सापडला. मी तो त्यांच्यासमोर दोन स्क्रू मारून पुन्हा बसवला. मालतीनं पाट जमिनीवर मांडला, आईसारखा उजवा पाय पसरून बसली आणि एक भुट्टा सरसर किसला. पाट जागचा हलला नाही, तीही नाही. मग परीक्षकांनी स्वतः बूट काढून, पाय पसरून त्यावर बसून पाहिलं. उठताना म्हणाले, "पास."

पुढे मालती शिक्षिका झाली. भुट्ट्यांच्या दिवसांत तिच्याकडून किसाचा डबा येई. एकदा गेलो तेव्हा पाट पाहिला. माझा जोड तसाच दिसत होता. मी नवा पाया करून देतो म्हणालो. तिची आई म्हणाली, "राहू द्या हो सर, बसल्यावर थोडाच दिसतो?"

त्यानंतर विद्यार्थ्यांची वस्तू मी टेबलावर ठेवून कधी तपासली नाही. आधी विचारायचो, ही कोणासाठी? करवतीनं इतकं सरळ मी उभ्या नोकरीत दुसरं काही कापलं नाही, आणि नेमकं तेच कापायचं नव्हतं.